शालनताईंचा आडवा हात

कर्वेनगरच्या बालवाडीत शालनताईंचा एक नियम होता: मूल अडलं तरी त्याने मागितल्याशिवाय मदत करायची नाही. त्या सकाळी हिंजवडीची कंपनीची बस सोडून सौरभ कांबळे मुलीचं नाव काढायला आले.

“वर्ष होत आलं, चैतालीला अजून ‘अ’ येत नाही. ठोकळेच रचायचे तर घरी फरशी आहे की, ताई!”

“पाच मिनिटं बसा. मग दाखला देते.”

चैतालीचा पूल तिसऱ्यांदा कोसळला. तिचे ओठ थरथरले. सौरभ उठले, तसा ताईंनी हात आडवा धरला. ही आता रडली तर संपलं, हे ताईंना कळत होतं.

चैतालीने नाक पुसलं आणि रुंद ठोकळे खाली घेतले. पूल उभा राहिला.

“घरी मीच रचून देतो,” सौरभ पुटपुटले. “नाव राहू द्या, ताई.”