पाटकऱ्याची रजा

"पाण्याला घाई नसती गड्या, घाई तहानेला असती." लालातात्या हे इतक्यांदा म्हणायचे की पाणी यायला उशीर झाला की लोक त्यांच्या आधीच ते म्हणून मोकळे व्हायचे.

पाळण्यातलं नाव लालासाहेब. पण साहेबपण त्या नावापुरतंच. रहिमतपूरच्या खालच्या अंगाला कृष्णेचं पाणी उचलून शिवारभर फिरवणारी एक पाणीपुरवठा सोसायटी आहे. तात्या तिचे पाटकरी. व्हॉल्व्ह खोलायचा, पाण्याच्या मागनं चालायचं, ज्याचा नंबर त्याच्या बांधावर उभं राहून "धरा पाणी" म्हणायचं आणि पुढच्या रानाची वाट धरायची. यातच उभा जन्म गेला. पोरगा वीरधवल फौजेत गेला, पोरगी क्रांती कवठे महांकाळला नांदायला गेली, तिनं तिथं नवं घर बांधलं. वास्तुशांतीला तात्या गेले नाहीत. तेव्हा पाण्याचा फेरा चालू होता.

पाणी लय झालं, हे खालच्या शिवारानं आधी सांगितलं. ऊस पिवळा पडला, मग उगवेनासा झाला, मग माती फुगून वर मीठ आलं. लांबून बघितलं तर रानावर राख पसरल्यागत दिसे. सोसायटीच्या मंडळींना घाम फुटला. वीज, पाणी आणि जमीन तिन्ही वाचवायची म्हणून त्यांनी संगणकावर चालणारी कृत्रिम बुद्धी आणली. प्रत्येक रानात एक सेन्सर रोवला. तो ओल मोजणार, संगणक हवामान बघणार, पंप कधी चालवायचा आणि पाणी कुणाला द्यायचं ते ठरवणार, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप येणार. गावानं तिचं नाव ठेवलं शहाणी. ती चालवायला साताऱ्याची राजनंदिनी नावाची तरुण इंजिनिअर आली.

चेअरमन तात्यांना म्हणाले, "एक फेरा शहाणीनं बिनतक्रार फिरवला की तुमी मोकळे. जावा लेकीकडं."

तात्यांनी घरी येऊन बायकोला, चंद्राबाईंना, सांगितलं. चंद्राबाईंनी त्याच दिवशी पिशवी भरायला घेतली.

निरोप यायला लागले. पण निरोपावर कुणी पाणी धरेना. पाटकऱ्यानं बांधावर येऊन म्हटल्याबिगर हक्काचं पाणी घ्यायचं नाही, ही त्या गावची जुनी रीत. लोक मोबाइल बघायचे आणि त्याच मोबाइलवरनं तात्यांना फोन लावायचे. "तात्या, शहाणी म्हणती माजा नंबर हाय. तुमी कवा येताय?" आणि ज्याचा नंबर शहाणीनं ओल बघून मागं ढकलला, तो तात्यांच्याच दारात येऊन बसायचा. यंत्राला शिवी देऊन काय मिळणार? ठरवायचं तिनं, चालायचं तात्यांनी, ऐकूनही घ्यायचं तात्यांनीच. रात्री चंद्राबाई त्यांच्या गुडघ्याला तेल चोळायच्या.

मग एके सकाळी राजनंदिनीनं त्यांना ऑफिसात बोलावलं.

"तात्या, गेल्याच आठवड्यात पाणी फिरलंय. तरी सगळं शिवार कोरडं दाखवतंय. पंप आधीपेक्षा जास्त चालतोय. यंत्र बिघडलं म्हणावं, तर बिघाडही सापडत नाही."

तात्या तडक रानात गेले. नानासोच्या उसात सेन्सर नव्हता. तो होता बांधावर, बाभळीखाली, वाळल्या ढेकळात. नाथाजीचा गोठ्याच्या वळचणीला. जोतीरामनं तर पडीक माळाला नेऊन रोवला होता आणि वर हळदकुंकू वाहिलं होतं, पाणी देणारा देव म्हणून. कोरडं दिसलं की पाणी मिळतं, एवढंच गावाला कळलं होतं, आणि ते सगळ्यांना एकदमच कळलं होतं.

"कुणीकुणी हलवले, नावं द्या," तात्यांनी परत येऊन सांगितलं तशी राजनंदिनी म्हणाली. "चेअरमन त्यांचं पाणी तोडणार आहेत. नाहीतर हे सगळं गुंडाळायला लागेल."

"पाणी तोडायचं तर समद्या गावाचं तोडा," तात्या म्हणाले आणि पायरीवर बसले. "बोलवा समद्यांना हितं."

संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर माणसं जमली. तात्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. ते दमून बोलत होते.

"खालचं रान बघा. ते बी आपल्यासारखंच पाणी पाणी करत हुतं, आता तितं मीठ आलंय. तुमी यंत्राला फसवताय, रानाला न्हाई."

कुणी तंबाखू मळत राहिलं, कुणी मान खाली घातली. शेवटी नानासो उठला. तो तात्यांच्या बरोबरीचा. "लाला, यंत्राची आमाला लाज न्हाई रं वाटत. ते कुटं आमच्या लग्नात जेवलंय? तू रोव. तू रोवलेलं कोण उपटंल?"

"व्हय, तात्यांनी रोवलं तर ऱ्हाईल," नाथाजी म्हणाला. "आन फेरा बी तात्यांनीच फिरवायचा. शहाणीनं सांगावं, तात्यांनी म्हणावं."

राजनंदिनीच्या तोंडावर हसू आलं; पण तात्यांकडं बघून ते विरलं. चंद्राबाईंनी भरून ठेवलेली पिशवी तिला ठाऊक होती.

"तात्या, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल," ती हळूच म्हणाली.

"मला चालंल," तात्या म्हणाले. "रानाला न्हाई चालायचं."

रात्री तात्यांनी क्रांतीला फोन लावला. "या फेऱ्यानंतर बगू."

"तात्या, तुमी दर साली हेच म्हणता." मग तिनं हट्ट सोडला. "आईला तरी धाडा."

सकाळी चंद्राबाई कवठे महांकाळला जायला फाट्यावर विट्याच्या एसटीची वाट बघत उभ्या होत्या. तात्या पिशवी घेऊन तिथवर आले.

"आवं, गुडघ्याचं तेल फडताळात हाय. विसरू नगा."

"न्हाई विसरत. तू पोचलीस की फोन कर."

"पुढल्या फेऱ्याला तरी कोण सोडणार हाय तुमाला?"

एसटी आली तशी तात्यांनी पिशवी आत सरकवली. मग उपटून आणलेल्या सेन्सरांचा भारा पुन्हा रोवायला खांद्यावर टाकला आणि ते बांधावर उतरले. एक पाय जरा ओढत, उसाच्या कडेकडेनं, मागं न बघता चालत राहिले. चंद्राबाई खिडकीत बसल्या होत्या. कंडक्टरनं तिकीट विचारलं ते त्यांना ऐकू आलं नाही. ऊस आडवा येईपर्यंत त्या बघत राहिल्या.