रविवारच्या घड्याळाची किल्ली

छत्रीचं टोक माझ्या आईच्या बरगडीत घुसलं तेव्हा पाळकसाहेब विसाव्यावर बोलत होते.

मी पुढे, पोरींच्या सतरंजीवर होते. मागे काही खुसपुसलं म्हणून वळले. आई मागच्या भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. तोंड थोडं उघडं. रावसाहेब आपल्या बाकावरून उठून मागे गेले होते, खास तेवढ्यासाठी. हातात काळी छत्री, तिला पितळी टोक. ते त्यांनी तिच्या कुशीत टोचलं. एकदा नाही. ती जागी होईपर्यंत.

"सगुणा! देवाच्या घरात झोपतेस? लाज आहे का काही?"

आई धडपडत उठली. पदर सावरला. "झोपले नव्हते, साहेब."

चर्चभर हशा झाला.

"आता उभीच राहा. म्हणजे झोप येणार नाही."

ती उभी राहिली. पाळकसाहेब स्वल्प थांबले होते. त्यांनी घसा साफ केला आणि पुढे सुरू केलं. देवाने सहा दिवसांत आकाश केलं, पृथ्वी केली, जनावरं केली, माणूस केला, आणि सातव्या दिवशी तो विसावला. दमला म्हणून नव्हे. केलेलं सगळं चांगलं आहे, हे बघत बसायलाही एक दिवस हवा म्हणून. विसाव्यावरचं ते सगळं प्रवचन माझ्या आईने उभ्याने ऐकलं.

आदल्याच रविवारी पाळकसाहेबांनी बाईच्या जन्माची गोष्ट सांगितली होती. देवाने तिला पुरुषाच्या पायातून काढली नाही, बरगडीतून काढली, म्हणून ती बरोबरीची. मला ते फार आवडलं होतं. आठवडाभर मी ते मनात घोळवत होते. मग छत्री बरोबर तिथेच टोचली गेली.

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. बंगलोरच्या कँटोन्मेंटमधलं मराठी ख्रिस्ती लोकांचं ते लहान चर्च. कोणी पलटणीबरोबर इकडे आलेले, कोणी रेल्वेबरोबर, कोणी मिशनबरोबर. सगळे एकमेकांना बंधू-भगिनी म्हणायचे. काही बंधू बाकांवर बसायचे. पुढच्या बाकांना गाद्या होत्या. आमच्यासारखे सतरंजीवर, नाहीतर भिंतीशी. असं कुठे लिहून लावलेलं नव्हतं. लावायची गरजच नव्हती.

रावसाहेब चर्चचे पंच. रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आपल्या आजोबांनी जानवं तोडून बाप्तिस्मा घेतला, हे ते दर नाताळाला सांगायचे. तोडलं असेल. टाकून मात्र दिलं नव्हतं. आमचा आजा नगरकडच्या महारवाड्यातून बाप्तिस्म्याला गेला. त्याच्याकडे तोडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्याची गोष्ट कोणी सांगत नसे. माझा बाप यशवंतपूरच्या यार्डात रुळांवर मेला. तेव्हापासून आई रावसाहेबांकडे स्वयंपाकाला होती आणि आम्ही दोघी त्यांच्या बंगल्यामागच्या खोलीत राहत होतो.

ती चर्चमध्ये का झोपली ते सांगते.

रावसाहेबांच्या घरी शब्बाथ फार कडक. रविवारी वर्तमानपत्र नाही, पत्ते नाहीत, शिवण नाही. बाई, म्हणजे रावसाहेबांच्या पत्नी, सुईत दोरा ओवायच्या नाहीत. त्यांची मुलगी रविवारची वेणी शनिवारीच घालून ठेवायची. पण जेवण गरम लागायचं. मटण, भात, दोन भाज्या, वर पुडिंग, कारण उपासनेनंतर पाळकसाहेब जेवायला असायचे. इतर दिवशी बाई निदान ताटं मांडायच्या. रविवारी पाण्याचा पेलासुद्धा आईने हातात द्यायचा. त्यांचा शब्बाथ जितका कडक, तितकी आईची कंबर जास्त मोडायची. अंधारात उठून ती मसाला वाटायला बसे. चर्चमधली भिंत ही तिची आठवड्यातली पहिली टेकायची जागा.

आणि ते घड्याळ.

हॉलच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं. आठवड्यातून एकदा किल्ली द्यावी लागायची. रावसाहेबांचे वडील ती रविवारी जेवणानंतर द्यायचे. घराची रीत. ती मोडायची नव्हती. पण किल्ली देणं हे काम, आणि रविवारी काम करायचं नव्हतं. आज्ञाही मोडायची नाही आणि रीतही नाही. यावर तोडगा म्हणजे माझी आई. ती स्टुलावर चढायची, किल्ली फिरवायची, आणि रावसाहेब आरामखुर्चीतून सांगायचे, "हळू. हळू. तुटेल."

त्या दुपारीही पाळकसाहेब जेवायला होते. मी बशा उचलत होते. सकाळचाच विषय चालला होता. माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे, पृथ्वीची राखण करायला देवाने त्याला ठेवलं आहे, वगैरे. रावसाहेब हाड चोखत "अगदी खरं, अगदी खरं" म्हणत होते. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. आई हात पुसून स्टुलाकडे निघाली. एक पाय वर ठेवताना तिने कुशीवर हात दाबला. तोंडातून आवाज काढला नाही.

मी जाऊन तिच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"बरं, तू दे," रावसाहेब म्हणाले. "पण हळू."

मी म्हणाले, "आज शब्बाथ आहे."

बाई हसल्या. "अगंबाई! पोरगी शिकली की चांगली."

रावसाहेब हसले नाहीत. "शब्बाथ आहे म्हणूनच तुला सांगतोय."

"मग मलाही आहे."

"तुला?"

त्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, पोराबाळांचं बोलणं पाहुण्याला समजावून सांगावं तसं. मग माझ्याकडे वळून बोलले. शांतपणे. ते बोलणं मला शब्द न् शब्द पाठ आहे.

"पोरी, विसावा आम्हाला लागतो. तुम्हाला एक दिवस मोकळा दिला तर तुम्ही त्याचं करणार काय? देवाने कोणाला कशासाठी घडवलं ते तो जाणतो. तुम्हाला हात दिलेत. हात चालू ठेवा, तीच तुमची भक्ती."

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. सकाळी ज्या तोंडाने सगळी सृष्टी घडवून दाखवली, ते तोंड आता काहीतरी बोलेल असं मला वाटलं. त्यांनी चमचा उचलला.

"बाई, पुडिंग आज काय सुरेख जमलंय!"

पुडिंग आईने केलं होतं.

मी मूठ आवळली. "नाही देणार किल्ली."

"मग संध्याकाळच्या आत खोली रिकामी करा. दोघी."

 आईने मला मारलं नाही. माझी मूठ धरली आणि एकेक बोट उघडलं. किल्ली घेतली. स्टुलावर चढली. घड्याळ कर्रकर्र करत भरत गेलं.

"हळू," रावसाहेब म्हणाले.

मला तिचा राग आला. तिच्यासमोर डोक्यावरचं छप्पर होतं, मी होते, हे आज कळतं. कळलं म्हणून राग जात नाही.

त्याच आठवड्यात मी बंगला सोडला. यशवंतपूर स्टेशनामागे माझी चंद्रामावशी राहायची. ती बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन बंगल्याबंगल्यांत जायची, जुने कपडे घ्यायची, भांडी द्यायची. मी तिच्या मागे पाटी उचलायला लागले. कोट हातात घेतला की आधी काखेत बघायचं, मग कॉलर, मग तोंड वाकडं करायचं, हे तिने मला शिकवलं. तोंड वाकडं करायला मला फारसं शिकावं लागलं नाही.

"स्वल्प जास्त द्या ना अक्का, नवऱ्याचा लग्नातला कोट आहे," गिऱ्हाईक म्हणे.

"लग्नातला आहे ते दिसतंय," मी म्हणे, "तेव्हापासून धुतला नाही."

मावशी पोट धरून हसायची. मी कधी कधी भांडायचे, पाटी उचलून चालायला लागायचे, आणि बायका फाटकापर्यंत मागे यायच्या. माझं डोकं तापट आहे हे मला माहीत आहे. धंद्यात ते मी वापरलं.

एका गोष्टीवरून मात्र मावशीचं आणि माझं रोज वाजायचं. रविवारी मी पाटी उचलत नसे.

"अगं वेडे, रविवारीच तर बायका कपाटं उघडतात! नवरे घरात असतात, कोट काढून देतात!"

"उघडू देत."

"मोठी आली रावसाहेबीण!"

ते मला झोंबलं. पण मी उठले नाही. रविवारी मी दारात बसायचे आणि काहीही करायचे नाही. सोपं नव्हतं. हात खाजायचे. जणू कोणीतरी बघतंय आणि आता टोचणार, असं वाटत राहायचं. तरी बसायचे. तुम्ही त्याचं करणार काय, असं विचारलं होतं ना? हे करणार.

देवाशी माझं भांडण नाही. मी धंद्यातली बाई आहे, मला एवढं कळतं की वरून माल पुरा निघाला होता. सगळ्या माणसांना एकच प्रतिमा, सगळ्यांना एकच सातवा दिवस. मधल्या लोकांनी हात मारला आणि आमच्यापर्यंत रिकामं पोतं आलं. वर त्या पोत्यासाठी आम्ही आभारही मानायचे.

पुढे स्टीलची भांडी आली. बायका स्टीलसाठी काय वाटेल ते द्यायला तयार झाल्या. माझं यशवंतपुरात दुकान झालं, हाताखाली पाट्या उचलणाऱ्या बायका आल्या. त्यांनाही रविवारी मी पाटी उचलू देत नाही. दुकानामागे एक खोली घेतली, आणि आईला आणायला गेले.

बंगल्याच्या मागच्या दाराने गेले नाही. पुढच्याने गेले. बाई म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"सगुणाला न्यायचं म्हणतेस? अगं, ती आमच्या घरचीच आहे."

"घरची आहे तर टेबलावर कुठल्या खुर्चीत बसते, बाई?"

 आतून रावसाहेब खोकले. घड्याळ चालू होतं.

पण खरी अडचण बाईंची नव्हती. आईच येईना.

"मी तिकडे काय करू गं दिवसभर?"

"काही करू नकोस."

"म्हणजे काय?"

मग मी तिच्याशी घासाघीस केली, गिऱ्हाइकाशी करते तशी. कायमची चल. नाही. महिनाभर चल. नाही. बरं, आठ दिवस. रावसाहेबांचं पथ्याचं कोण बघणार? मग एक रविवार. एकच.  धंद्यात पाटी उचलून चालायला लागायचे तशी मी उठून निघाले. ती फाटकापर्यंत मागे आली.

"सरी, येते. एकच हं."

रविवारी ती आली. आल्या आल्या माझी खोली झाडली. मी झाडू काढून घेतला, तर भांडी घासायला बसली. दुकानातली नवी कोरी भांडी! ती काढून घेतली, तर माझ्या साडीचा फाटका काठ शोधून काढला. मी ओरडले. शेजारणी दारात जमल्या. शेवटी ती भिंतीशी बसली, हात मांडीवर ठेवून. ते हात तिलाच परके वाटत होते. सारखी बघत होती त्यांच्याकडे.

"घड्याळाला किल्ली दिली असेल का गं कोणी?" दुपारी तिने विचारलं.

"बंद पडू दे."

"साहेब चिडतील."

 ती भिंतीला टेकली. हळूहळू तिची मान कलली. तोंड थोडं उघडलं. माझी आई झोपली. दिवसाउजेडी, माझ्या खोलीत, कोणाचंही काही काम डोक्यावर नसताना. मी दाराशी बसून राहिले. भांडं वाजू नये म्हणून दुकानाचं दार लावून घेतलं.

बाहेर एका मालगाडीने शिट्टी दिली.

आई ताडकन उभी राहिली. डोळे मिटलेलेच. एक हात बरगडीवर.

"झोपले नव्हते, साहेब," ती म्हणाली.

मी तिला धरलं.  मग तिने डोळे उघडले, मला पाहिलं आणि ओशाळून हसली. संध्याकाळ व्हायच्या आत बंगल्यावर परतली. घड्याळासाठी. मी तिला अडवलं नाही. तिला खोलीत आणून भागणार नाही, हे मला त्या शिट्टीने कळवलं होतं. तिची झोप जिथे गेली, तिथूनच ती परत आणावी लागेल.

येत्या रविवारी मी दुकान बंद ठेवून कँटोन्मेंटात जाणार आहे. आईला घेऊन चर्चमध्ये जाईन. भिंतीशी नाही, सतरंजीवर नाही. गादीच्या बाकावर, पुढच्या. तिला आतल्या बाजूला बसवीन आणि मी वाटेच्या कडेला बसेन. ती नको म्हणेल. मी तिच्याशी घासाघीस करणार नाही. पाळकसाहेब नवे आहेत, ते कशावरही बोलोत. तिला झोप आली की ती झोपेल.

रावसाहेब अजून छत्री घेऊन येतात, असं ऐकते. त्यांनी ती या बाकापर्यंत आणून बघावी. मध्ये मी बसलेली आहे.