अक्काचे हात
सोल्डरिंगचा वास आला की मला बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना आठवतो. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. अक्काचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला होता, पण रेडिओ दुरुस्त करावेत ते तिनेच. टेबलाशी बसून वायरी जोडायचं काम आहे असं कळलं, म्हणून मी तिला घेऊन गेले. तिने मालकांसमोर एक सर्किट झरझर जोडून दाखवलं. ते मात्र सारा वेळ तिच्या बुटाच्या लोखंडी पट्ट्यांकडे पाहत होते. “सॉरी अम्मा, हँडिकॅप्ड लोकांना आम्ही घेत नाही,” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. तेव्हा हा सभ्य शब्द होता, बसच्या सीटवरही तोच रंगवलेला असे. गल्लीतली पोरं लंगडी म्हणाली की अक्का उलट शिव्या घालायची. त्या दिवशी मात्र न भांडता ती बस स्टॉपकडे चालू लागली. मी म्हटलं, “निदान चांगल्या शब्दात बोलले गं.” ती म्हणाली, “लंगडी म्हटलं की पाय तेवढा जातो. यांनी माझे हातही काढून घेतले.” पुढे तोही शब्द वाईट ठरला, त्याच्या जागी आणखी गोड शब्द आले. अक्काने प्रत्येक नव्या शब्दाखाली अर्ज केला. नोकरी एकाही शब्दाने दिली नाही.