बोटीवर नेलेला गूळ

बोटीवर नोकरीला निघालो तेव्हा आईनं बॅगेत आमच्याच गुऱ्हाळातला गूळ भरला. "धुळीचं काम झालं की खडा तोंडात टाक, छाती साफ ऱ्हाती," म्हणाली. आमच्या कुंडलकडं हे सगळेच मानतात. मळणी झाली की गडी पाण्याआधी गूळ मागतो.

बोटीवर माझं काम टाक्यांच्या आत उतरून गंज आणि जुना रंग मशीननं खरवडायचं. धूळ इतकी की शेजारचा माणूस दिसायचा नाही. हवा खेचणारा पंखा बंद होता. सांगून सांगून थकलो, कुणाला फिकीर नव्हती. सेफ्टीवाला साहेब वरूनच "मास्क लावा" म्हणून जायचा. त्या उकाड्यात मास्कनं जीव गुदमरायचा. मी तो गळ्यात सोडायचो आणि वर आल्यावर गूळ खायचो. वाटायचं, गेली धूळ पोटात.

धूळ पोटात जात नाही. ती फुप्फुसात बसते आणि तिथंच राहते, हे सांगलीच्या डॉक्टरनं एक्स-रे दाखवून सांगितलं. आता गोठ्यापर्यंत गेलो तरी धाप लागते, आणि ही धाप कमी होणार नाही म्हणे.

काल खोकून खोकून वाकलो तेव्हा आई गुळाचा खडा घेऊन आली. "तितं खायचं चुकवलं असशील, म्हणून ही पाळी आली. व्हय ना रं?"

खडा भिंतीवर फेकावा इतका संताप आला. पण ती माझ्या तोंडाकडं बघत उभी होती.

"व्हय, चुकवलं," म्हणालो, आणि खडा तोंडात टाकला.