इंदूताईंचा उद्या

टेलिफोन खात्याच्या नोकरीत माझं आयुष्य गेलं, पण इंदूताई गेल्याची बातमी मला फोनवर नाही, जिन्यात कळली. संध्याकाळी कामावरून परतत होते. घरमालकीण हंसाबेन खालच्या पायरीवर बसून होत्या. मला पाहून हळूच म्हणाल्या, "इंदुबेन गुजरी गयां..." नाशिकहून इंदूताईंच्या लेकीचा निरोप दुपारीच आला होता. मी वर आले. उपचारासाठी इंदूताई तिच्याकडे गेल्यापासून शेजारच्या दाराला कुलूप होतंच. पण त्या दिवशी मला त्याच्याकडे बघवलं नाही.

सुरतेत, नवागामच्या त्या चाळीत आम्ही दोघी शेजारी. मी जळगावची, एकटी, लग्न न केलेली. त्या शिरपूरकडच्या. नवरा पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये होता, तो अकाली गेला. मग लेक आणि अंथरुणाला खिळलेली सासू घेऊन त्या इथेच राहिल्या, मराठी शाळेत शिकवत. आमच्या चाळीतली बहुतेक खानदेशी माणसं सुरतेत पाहुण्यासारखी राहायची. भिंतीला चुना लावायचा म्हटलं तरी, "कशाले? गावलेच जानं शे." गावी जायचं इंदूताईंनाही होतं. भावाच्या शेताकडेला दोन खोल्या बांधायचं त्यांच्या मनात पक्कं होतं. तरी भाड्याच्या खोलीला त्यांनी हौसेनं पोपटी रंग दिला, आणि गच्चीवर डब्यांमधून पुदिना लावला.

चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा त्यांची लेक नाशिकला सासरी होती. चाळ एका दिवसात रिकामी झाली. माणसं मिळेल त्या गाडीनं भुसावळकडे निघाली. माझं काम अडल्या वेळेचं, मला सुट्टी नव्हती. इंदूताईंना मात्र कुणी अडवलं नव्हतं. अडवलं असेल तर सासूबाईंच्या खाटेनं. सासूबाई सारख्या म्हणायच्या, "तू जाय वं माय गावले. मनासाठे थांबू नको." इंदूताई त्यांची वेणी घालता घालता विचारायच्या, "आज कसानी भाजी करू, ते सांगा."

त्याच दिवसांत गाव सोडून निघालेल्या एका भाजीवाल्यानं उरलेली टोपलीभर लिंबं त्यांच्या दारात ओतली. मी संध्याकाळी आले तर या तोंडाला रुमाल बांधून लिंबं पुसून चिरत बसलेल्या. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. यंत्रमाग बंद, त्यामुळे इतकी शांतता की सुरीचा आवाज ऐकू येत होता.

"ताई, हे मुरायला महिना लागेल," मी म्हणाले.

"लागू दे की."

"महिन्यानं खायला कोण असेल?"

त्यांनी मान वर केली नाही. "ज्याला भूक असेल तो असेल. तू मीठ आण."

मला भीती वाटत होती, आणि त्यांनाही वाटत असावी, कारण फोडी करताना त्यांचा हात थांबायचा... पण त्या लिंबं सगळी संपेपर्यंत उठल्या नाहीत. दिवाळीच्या आसपास माणसं एकेक करून परतली. तेव्हा चाळीतल्या प्रत्येक घरात वाटीभर लोणचं गेलं. सासूबाई त्यानंतरही दोन हिवाळे जगल्या.

पुढे इंदूताईंनाच दुखण्यानं गाठलं. निदान कळल्यावर मी घराचा विषय काढेनाशी झाले. निवृत्तीनंतर दोघींनी शिरपूरच्या त्या दोन खोल्यांत राहायचं, असं आमचं ठरलं होतं. एका रविवारी त्याच म्हणाल्या, "तुझ्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला, ते सांगितलंच नाहीस."

मी कसंबसं म्हटलं, "पूर्वेला."

"मग सकाळी ऊन तोंडावर येईल. लवकर उठावं लागेल तुला," असं म्हणून त्या चहा ठेवायला उठल्या. उठताना भिंत धरावी लागली. चहा मात्र नेहमीसारखा आलं किसून केला, आणि तो गार होऊ नये म्हणून मला बोलू दिलं नाही.

ते घर झालं नाही. आता होणारही नाही. मी एकटी तिथे कुणाच्या भरवशावर जाऊ?

त्यांच्या खोलीत आता नवं बिऱ्हाड आलंय. माणसं चांगली आहेत. मला त्यांच्यात जावंसं वाटत नाही, एवढंच. इंदूताईंचा एक रिवाज होता. दिवेलागणीला त्या दोघींपुरती मटकी भिजत घालायच्या आणि भिंतीवर टकटक करून सांगायच्या, "उद्या उसळ आहे गं." आता ती मीच घालते. एकटीला किती लागते, याचा अंदाज अजून येत नाही. सकाळी उघडून पाहते तर मटकी पातेलं भरून वर आलेली असते...