पंचफुलाकाकूंच्या वाईट बातम्या

पंचफुलाकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते उलटं. माझ्या पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावून तो उचललेला होता, त्यामुळे पाय वर आणि डोकं खाली अशी मी पडलेली. डोक्यामागून कुणीतरी वाकलं आणि मला आधी एक हनुवटी दिसली, मग नाक, मग रुपयाएवढं कुंकू. मला वाटलं, आता ही बाई विचारणार, कुठल्या, किती महिने, पहिलंच का. काकूंनी मला काहीच विचारलं नाही. त्या वळसा घालून माझ्या पोटापाशी आल्या, पदर सावरला आणि पोटालाच म्हणाल्या, "कोन हाय व आत? आईक. बाहेर लय ऊन तपून राह्यलं. नळाले पानी नाई. रस्ता सारा खोदून ठेवला. कायले येतं? येजो नोको."

एवढं बोलून त्या शेजारच्या पलंगाकडे गेल्या आणि आपल्या सुनेच्या पोटाला तेच सगळं पुन्हा सांगितलं, वर एक वाघही सांगितला. त्या हिंगणीच्या. तिकडे बोर अभयारण्याचं जंगल जवळ, त्यामुळे त्यांच्याकडे वाघाची बातमी नेहमी ताजी असायची.

मला सातवा नुकताच लागला होता. त्याआधीची दोन गेली होती, एक पाचव्यात, एक सहाव्यात. या वेळी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला होता, तरी मार्चअखेरीला शाळेत पेपर तपासताना पोट दुखायला लागलं आणि मला वडनेरहून थेट वर्ध्याच्या दवाखान्यात आणून टाकलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, बाळ जितके दिवस आत राहील तितकं चांगलं, एकेक दिवस महत्त्वाचा, तुम्ही फक्त पडून राहा. फक्त पडून राहा म्हणे! मी विज्ञान शिकवते, सत्तर पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करते. मला पडून राहायला सांगणं म्हणजे मांजराला पोहायला सांगणं. आणि वरून ही बाई माझ्या पोटाला खोट्या बातम्या देणार. मी सिस्टरकडे तक्रार केली. सिस्टर म्हणाली, त्या सगळ्यांनाच देतात, चार दिवसांत सवय होईल.

काकूंचा सिद्धांत साधा होता. लेकरू आत बसून सगळं ऐकतं, आणि आपण मूर्खासारखे रोज त्याला आमंत्रण देतो. "सारे जन हात फिरोते न म्हनते, ये बाळा, ये बाळा. झुला घेतला, कपडे घेतले. मंग थे निंगते ना लवकर! त्याची काय चुकी?" त्यांच्या सुनेच्या, प्रतिभाच्या, बाबतीत नेमकं हेच झालं होतं म्हणे. प्रतिभाच्या भावाने आठव्यात गावी सोनेरी घुंगरांचा पाळणा आणून उभा केला, आणि दुसऱ्याच दिवशी तिला कळा. काकूंनी पाळणा तसाच शेजारणीकडे पाठवला आणि सुनेला घेऊन वर्ध्याला आल्या.

आठवा हा शब्द मी लिहिला, काकू तो तोंडातून काढत नसत. सातव्याचं मूल जगतं, आठव्याचं जगत नाही, असं आमच्याकडे जुन्या बायका सांगतात. मी काकूंना समजावलं की हे खोटं आहे, जितके दिवस जास्त तितकं मूल बळकट, साधं गणित. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचे महिने मात्र असेच राहिले: सातवा, मग सातव्याच्या वरचा, मग नववा.

हळूहळू सगळा वॉर्ड त्यांच्या नियमाने चालू लागला. आत येणाऱ्या प्रत्येकाला काकू दाराशी अडवायच्या आणि चांगली बातमी बाहेरच ठेवायला लावायच्या. एकीच्या नणंदेचं लग्न ठरलं होतं, ते तिला व्हरांड्यात कानात सांगावं लागलं. माझे यजमान, सुधीर, हिंगणघाटला बँकेत आहेत. साधा माणूस. एका दुपारी ते हसतमुखाने आले आणि म्हणाले, नवा कूलर बसवला, खोली कशी गार झाली आहे. काकूंनी त्यांचा दंड धरला, बाहेर नेलं, पाच मिनिटांनी परत आणलं. सुधीर माझ्या पोटाकडे बघत, मान खाली घालून म्हणाले, "कूलर जळला."

त्यानंतर बिचाऱ्यांना दर खेपेला एक संकट घेऊन यावं लागायचं. गाडी पंक्चर झाली, छत गळायला लागलं, शेजाऱ्याने भांडण काढलं. उन्हाळ्यात छत कसं गळेल, असं मी विचारलं तर काकूंनी माझ्याकडेच डोळे वटारले. पुढे पुढे त्यांची संकटं संपली, तेव्हा ते बसमध्ये बसून चिठ्ठीवर लिहून आणू लागले. आणि एक दिवस ते अगदी पडलेल्या चेहऱ्याने आले, "माझी आष्टीला बदली झाली," म्हणाले. सगळ्या बायकांना ही बातमी फार आवडली. कुणीतरी म्हणालं, आज भाऊंनी चांगलं जमवलं. मीही म्हणाले, आज छान जमलं. सुधीर डबा हातात धरून तसेच उभे राहिले. बदली खरीच होती, हे मला त्यांनी मोबाईलवर ऑर्डर दाखवली तेव्हा पटलं.

डॉक्टर मॅडम वयाने लहान होत्या, सुरुवातीला चिडायच्या. ठोके ऐकून त्या "छान आहेत" म्हणाल्या की काकू लगेच हात जोडायच्या, "मॅडम, हळू बोला ना माय." शेवटी मॅडमनी बोलणंच सोडलं, ठोके ऐकायच्या आणि मला नुसता अंगठा दाखवायच्या. एकदा तर माझं पोट मोजता मोजता त्याच म्हणाल्या, बाहेर फार कठीण आहे बरं, परीक्षा पण असतात. मग मान वर करून पाहिलं, कुणी ऐकलं का ते. सगळ्यांनी ऐकलं होतं.

या सगळ्यात माझं एकच दुखणं होतं. माझ्या पोटाशी बोलताना काकू शेवटी न चुकता एक वाक्य जोडायच्या: "न तुही माय लय चिडकी हाय." सगळ्या वॉर्डात हे फक्त माझ्याबद्दल. मी म्हटलं, काकू, हे काय? मी कधी चिडले? त्या म्हणाल्या, आत्ता. पण कबूल करते, तीन आठवडे गेले तसं सकाळी त्या यायला उशीर झाला की मी अस्वस्थ व्हायचे. आज बातम्या सांगितल्या नाहीत आणि बाळ निघालं तर? माझं विज्ञान कुठे गेलं होतं कुणास ठाऊक. मला भीती वाटत होती, आणि ती कुणी वाटून घेत असेल तर मला हवं होतं.

प्रतिभाचं मात्र भलतंच झालं. तिचा नववा लागला, कळा केव्हाच्या थांबलेल्या, धोका टळला. हिंगणी लांब म्हणून तिला ठेवून घेतलं. नववा भरला, दिलेली तारीख आली, तारीख गेली. बाळ ढिम्म. प्रतिभा रडकुंडीला येऊन सासूला म्हणाली, "तुम्हीच भेववलं त्याले. आता तुम्हीच बोलवा."

काकू पेचात पडल्या. चांगल्या बातम्या द्यायची त्यांना सवयच नव्हती. बराच वेळ विचार करून त्या सुनेच्या पोटाला म्हणाल्या, धरनात पानी हाय. मग म्हणाल्या, तुह्या बापानं नवी चप्पल घेतली. पुढे काही सुचेना. बाळावर काडीचा परिणाम झाला नाही. "खरं सांगून राह्यली त आईकत नाई," असं म्हणून त्या चिडून चहा प्यायला गेल्या. शेवटी डॉक्टरांनी औषध देऊन कळा आणवल्या. मुलगा झाला, चांगला सव्वातीन किलोचा. कपाळावर आठ्या होत्या आणि तो आल्याआल्या इकडेतिकडे असा बघत होता, जणू कुणीतरी त्याला फसवलं होतं.

तो झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, मला कळा सुरू झाल्या. टाका काढावा लागला आणि संध्याकाळच्या आत मुलगी झाली. एक किलो सहाशे ग्रॅम. तिला दाखवून लगेच काचेच्या पेटीत नेलं. मला आठवा चालू होता.

प्रतिभाला त्या दिवशी सुट्टी मिळाली होती. जाण्याआधी ती माझ्यापाशी येऊन बसली आणि हळूच एक गोष्ट सांगून गेली. काकूंची पहिली मुलगी आठव्यातच झाली होती, घरी. सगळ्या जाणत्या बायका म्हणाल्या, आठव्याचं आहे, राहत नसतं. मग कुणी बैलगाडी जुंपली नाही, कुणी दवाखान्याचं नाव काढलं नाही. ती दोन दिवस होती. काकू एवढंच म्हणतात, "तिले कोनी थांब म्हनलंच नाई."

प्रतिभा बाळाला घेऊन नवऱ्याबरोबर हिंगणीला गेली. काकू गेल्या नाहीत. आपली पिशवी घेऊन त्या लहान बाळांच्या विभागाबाहेर जाऊन बसल्या. आत फक्त आईला सोडत. बाहेरून एक मोठी काच होती, तिच्यातून पेट्या दिसायच्या.

मुलीचं वजन कमी होत गेलं. एक किलो साडेपाचशे. एक किलो पाचशे. नळीने दूध देत होते, तेही पचत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वाट बघू. वाट बघू म्हणजे काय ते मला दोनदा कळलेलं होतं. मी आतून बाहेर आले, तर काकू काचेला नाक लावून उभ्या होत्या आणि बोलत होत्या.

"आईक व बाई. मी लबाड बोलली. नळाले पानी हाय. सकाळी बी येते न संध्याकाळी बी. रस्ता खोदला होता थो बुजवला. कूलर जळला नाई, तुह्या बापाले मीच तसं बोलाले लावलं, थो गरीब मानूस हाय. वाघ हाय, पन थो आपल्या वाटेनं जाते, तुह्याकडे पाह्यत बी नाई."

मी म्हटलं, काकू, काचेतून आवाज जात नाही.

"पोटातून जात होता ना?" त्या मागे न वळता म्हणाल्या. सुरक्षारक्षक त्यांना हटकायला आला होता, तोही ऐकत उभा राहिला.

मग काकूंनी दोन्ही तळवे काचेवर ठेवले. "न आठव्याचं जगत नाई म्हनते, थे बी लबाडच हाय," त्या म्हणाल्या. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. "साऱ्या बाया लबाड बोलल्या. तू थांब. तुले मी सांगून राह्यली, थांब."

मला रडू आवरेना. रडत रडतच मी विचारलं, आणि आईचं काय? ते पण खोटं म्हणून सांगा ना.

काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं. सुजलेला चेहरा, सुटलेले केस, तीन दिवस न बदललेला गाऊन. "थे खरं हाय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा काचेकडे वळल्या.

सात दिवस त्या हेच सांगत राहिल्या, सकाळी एकदा, दुपारी एकदा. बाकीच्या पेट्यांतल्या बाळांच्या आज्याही मग काचेशी रांगेत उभ्या राहू लागल्या आणि आपापल्या घरच्या चांगल्या बातम्या सांगू लागल्या. रक्षकाने त्यांना पाच-पाच मिनिटं वाटून दिली. आठव्या दिवशी सिस्टरने वजनकाट्यावरून मला दोन बोटं दाखवली, वीस ग्रॅम वाढलं म्हणून. मी धावत बाहेर येऊन काकूंना सांगितलं. त्यांनी पिशवी उचलली आणि हिंगणीच्या बसला गेल्या. निरोप वगैरे काही नाही. मला त्यांचा राग आला होता, हेही सांगून टाकते.

मुलगी जगली. आता सहा वर्षांची आहे, आष्टीच्या शाळेत पहिलीत जाते, आणि मला उलट उत्तरं देते.

गेल्या हिवाळ्यात प्रतिभाचा फोन आला, सासूबाई वर्ध्याला दवाखान्यात आहेत, येऊन जा. मी मुलीला घेऊन गेले. काकू पलंगावर इतक्या लहान दिसत होत्या की मी आधी पुढे निघून गेले. मग कुंकू ओळखलं. मी जवळ बसले आणि चांगल्या बातम्या द्यायला लागले: काकू, तुमचा चेहरा सुधारला आहे, डॉक्टर म्हणतात लवकर घरी सोडतील, थांबा तुम्ही. काकू म्हणाल्या, तुले लबाड बोलता येत नाई, मास्तरीन.

मग त्यांनी मुलीला खुणेने जवळ बोलावलं आणि तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "काय व पोरी," त्यांनी विचारलं, "तुही माय चिडकी हाय का नाई?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. "हो," ती म्हणाली, "खूप."

"मंग ठीक हाय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. "इले मी काई फसवलं नाई."

त्यानंतर चार दिवसांनी त्या गेल्या. त्यांना भेटून परत येताना एसटीत मुलगी खिडकीबाहेर हात काढून बसली होती. मी तिच्यावर एवढ्या जोरात ओरडले की कंडक्टरही दचकला. मुलीने हात आत घेतला आणि काकूंच्याच सुरात, मान हलवून म्हणाली, "खरं हाय." मी तोंडावर पदर घेतला आणि आर्वी येईपर्यंत काढला नाही.