जाऊबाईंचं नख

पुतण्या गजाननचा फोन आला तेव्हा मी चिखलीत किराणा दुकानासमोर उभी होते. "काकू, आई गेली... झोपेतच," एवढंच तो बोलला. थोड्या वेळाने लक्षात आलं, की दुकानदाराने परत दिलेल्या दोन रुपयांच्या नाण्यावरून माझ्या अंगठ्याचं नख फिरतंय. ही सवय बाईंची. बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना जाऊन आता महिना होत आला, पण नख काही थांबलेलं नाही.

मोताळ्याच्या आठवडी बाजारात बाई भाजी विकायच्या. हाती आलेलं नाणं नखाखालून गेल्याशिवाय डब्यात पडत नसे. टांकसाळीत छापतानाच चुकलेलं नाणं कोणतं आणि बाहेर आल्यावर मार खाल्लेलं कोणतं, हे त्यांना बोटांनी कळायचं. चुकलेल्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे व्हिडिओ मोबाइलवर बघून माणसं आशेने यायची, मेथीची जुडी घेता घेता हळूच नाणं पुढे करायची. बाई नख फिरवायच्या. "रेघ वर आली असन तं टांकसाळीची चूक. खड्डा पडला असन तं आपली. हे तं कोनं तरी खिळ्यानं ओरखाडलं हाये, भाऊ." काठ तुटलेलं नाणं आलं, की त्या आधी तुटक्या जागेच्या बरोबर समोरचा काठ बघायच्या. चकती मुळातच अपुरी कापली गेली असेल, तर समोरचा काठही पुसट उमटतो, तो ठसठशीत असेल तर कुणीतरी कानस चालवलेली. हिरमुसल्या माणसाच्या पिशवीत त्या दोन मिरच्या जास्त टाकायच्या, आणि तो पुढच्या बाजारी त्यांच्याकडेच यायचा. बाई म्हणतील ते खरं, असं बाजारात सगळे मानायचे, आणि बाईंना त्याचा मोठा अभिमान होता.

त्यांचं स्वतःचं एकच मोलाचं नाणं होतं. जुना, मोठा रुपया. एका बाजूला एकचा आकडा स्वच्छ, दुसरी बाजू पार कोरी. सासूबाई गेल्यावर तांदळाच्या डब्यात तो सापडला आणि बाईंनी घर डोक्यावर घेतलं. टांकसाळ सिंह छापायलाच विसरली म्हणे. पुढे कितीतरी वर्षं बाजारात त्या रुपयाची गोष्ट त्या रंगवून सांगत.

मी मात्र तो रुपया पाहताक्षणी ओळखला होता. सासूबाईंच्या देव्हाऱ्यात लक्ष्मी म्हणून तोच असायचा, सिंह वर करून ठेवलेला. त्याला रोज कुंकू लागायचं, आणि ते निघावं म्हणून नवी सून, म्हणजे मी, रोज सकाळी चिंच आणि विटेची भुकटी लावून जीव खाऊन घासायची. सिंह माझ्याच हाताखाली गेले होते. पार कोरा झाल्यावर सासूबाईंनी तो तांदळाच्या डब्यात टाकला, आणि देव्हाऱ्याकडे कधी न फिरकणाऱ्या बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. पण बाई इतक्या खूश होत्या, की मी गप्प बसले. एकदा गप्प बसलं की पुढे बोलणं आणखी अवघड होत जातं...

मग एकदा बुलढाण्याचे एक नाणी जमवणारे गृहस्थ रुपया बघायला यायचे ठरले. बाईंनी नवं लुगडं काढलं, पोहे भिजवले. परक्या माणसाने बाईंना चारचौघांत खोटं पाडावं, हे मला बघवलं नसतं. मी स्वयंपाकघरात त्यांचा हात धरला. "बाई, हे टांकसाळीनं नाई केलं. म्या केलं."

सगळं ऐकून त्या रुपया घेऊन दारातल्या उजेडात गेल्या आणि काठावरून नख फिरवलं. जगाची नाणी तपासणाऱ्या बाईंनी हे एक नाणं कधी तपासलंच नव्हतं. कोऱ्या बाजूचा काठही झिजलेला होता. टांकसाळीने बाजू कोरी सोडली असती, तर काठ कशाला झिजला असता? बाईंचा चेहरा उतरला. मला रडू आलं, आणि तेवढ्यात पाहुणे दारात.

बाईंनी त्यांच्यापुढे पोहे ठेवले, शेजारी रुपया ठेवला. "साहेब, हे मार खाल्लेलं हाये," त्या म्हणाल्या. "आन् मार आमच्या घरचाच हाये." ते गृहस्थ पोटभर हसले आणि जाताना पिशवीभर वांगी घेऊन गेले.

पुढच्या बाजारी बाई मला मुद्दाम सोबत घेऊन गेल्या. येणाऱ्या प्रत्येकाला ओळख करून देत होत्या, "हे माही जाऊ. तीन सिंह खाल्ले इनं." मी लाजून भाजीवर पाणी मारत बसले. त्यांचा मान गेला तर नाहीच, उलट स्वतःची चूक सांगणारी बाई म्हणून लोक दुप्पट विश्वासाने नाणी आणू लागले. रुपया पुन्हा देव्हाऱ्यात गेला. पुढे आम्ही चिखलीला आलो, तरी मोताळ्याला गेले की मी देव घासायला बसायचे आणि बाई दटावायच्या, "तू ऊठ वं शोभा. तुह्या हातात नाणं देनं नाई."

तेराव्याला गजाननने माझ्या हातात एक पुडी ठेवली. आत तोच रुपया. "आईनं सांगून ठेवलं होतं, शोभाले देजो. आन् म्हने, तिले सांगजो, दुसरी बाजू बाकी हाये."

भरल्या घरात मी मोठ्याने हसले, आणि मग बराच वेळ रडले.

आता तो माझ्या देव्हाऱ्यात आहे, आकडा वर करून. रोज कुंकू लावते आणि सकाळी चिंच, विटेची भुकटी घेऊन बसते. घासून झालं की नख फिरवून बघते. आकडा अजून चांगला लागतो.